कोरम

मी कंपनीचा डायरेक्टर झालो त्या दिवशी घरातला गॅस संपला होता. सिलिंडरवाल्याची वाट बघत दाराशी बसलो होतो, तेवढ्यात भाचा आला. पाठीवर पोतडीएवढी सॅक, हातात लॅपटॉप, लॅपटॉपवर इतके स्टिकर की तो मूळचा कुठल्या रंगाचा हे त्याच्या कंपनीलाही ओळखू येऊ नये. आल्या आल्या तो वाकून पाया पडला. हा मुलगा वाकला की घरातलं कोणीतरी खर्चात पडतं, असा माझा जुना अनुभव.

"मामा, तुमचं आधार आणि पॅन देता?"

"कशाला?"

"प्रायव्हेट लिमिटेडला कमीत कमी दोन डायरेक्टर लागतात. कायदाच आहे. एक मी."

"आणि दुसरा?"

"तो डॅलसला गेला."

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात मी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढले. स्वतःच्या नावानं मात्र कधी चहाची टपरीसुद्धा काढली नाही. त्यामुळे 'डायरेक्टर' हा शब्द कानाला बरा वाटला, हे मी कबूल करतो. आमची ही आतून म्हणाली, "सही करण्याआधी वाच." मी वाचलं, आणि वाचूनही सही केली. आठ दिवसांत मला आठ आकडी डिन नंबर, म्हणजे डायरेक्टरचा ओळख क्रमांक, मिळाला आणि एक पेन ड्राइव्ह मिळाला. त्या पेन ड्राइव्हमध्ये माझी सही होती. ती मी देवघराच्या खणात ठेवली. ही गोष्ट २०१७ सालची.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला उच्चारता येणार नाही. भाच्यानं चांगल्या इंग्रजी शब्दातले सगळे स्वर उपटून काढले होते. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, कंपनीला शेवटपर्यंत 'बाळाचं ते' असंच म्हणायची.

आता थोडं फाउंडर या जातीविषयी. १६ जानेवारी २०१६ ला दिल्लीत स्टार्टअप इंडियाची सुरुवात झाली, आणि सोमवारी भाच्यानं हिंजवडीतल्या नोकरीचा राजीनामा दिला. तेव्हापासून त्याची भाषा बदलली. त्याच्याकडचे पैसे संपत नसत, त्याचा 'रनवे' कमी होई. खर्च होत नसे, 'बर्न' होई. आम्ही याला 'पगार होईपर्यंत कसं भागवायचं' असं म्हणायचो आणि त्यासाठी आम्हाला विमानतळ लागत नसे. तो चुकायचाही नाही. चूक झाली की फोन काढून त्यात काहीतरी टिपायचा आणि म्हणायचा, "लर्निंग, मामा!" त्या फोनमध्ये दोन वर्षांत इतकं शिक्षण जमा झालं की एखादं विद्यापीठ निघालं असतं.

आता कंपनीचा मूळ उद्योग. आपल्या घरातून शेजारी चकल्या, मोदक, खीर जाते, ती डब्यातून. पदार्थ पोटात जातो, डबा कपाटात जातो, आणि परत येत नाही. भाच्यानं यावर ॲप काढलं. डबा दिला की त्याचा फोटो टाकायचा, घेणाऱ्याचं नाव टाकायचं, आणि पंधरा दिवसांनी त्याला आपोआप आठवण जाणार. सादरीकरणात पहिलंच पान होतं, 'भारतात किती घरं, प्रत्येक घरात किती डबे, एक डबा किती रुपयांचा'. गुणाकार करून आकडा हजारो कोटींत गेला होता. मी विचारलं, "यातले कंपनीला किती मिळणार?" तो म्हणाला, "फक्त एक टक्का धरा." एक टक्का मिळवायलाही आधी कोणीतरी पहिला रुपया द्यावा लागतो, असा माझा आक्षेप होता. तो इतिवृत्तात नोंदवला गेला नाही.

ॲप २१२ जणांनी उतरवून घेतलं. त्यातले दीडशे आमच्या नात्यातले, उरलेले त्याच्या कॉलेजचे. वापरलं अकरा जणांनी, आणि त्या अकरांपैकी चौघांचं शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं. भाच्याला कारण कळेना. शेवटी त्यानं आईला विचारलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अरे, रिकामा डबा कधी परत देतात का? त्यात काहीतरी घालून द्यायचं असतं. काही केलेलं नसतं म्हणून तर डबा राहतो. तुझं ते यंत्र लोकांना 'माझा डबा दे' म्हणत नाही, 'मला काहीतरी करून दे' म्हणतं. कोण सहन करील?"

आठ महिने आणि चार लाख रुपये खर्चून जे कळलं, ते स्वयंपाकघरात चौथ्या पोळीला कळलं असतं. भाच्यानं फोन काढला आणि टिपून घेतलं.

डॅलसच्या गृहस्थाविषयीही सांगायला हवं. दोघे एका बाकावर शिकलेले. कंपनी काढली तेव्हा अर्धी याची, अर्धी त्याची, असं एका हॉटेलच्या कागदी रुमालावर ठरलं. चौथ्या महिन्यात त्याला अमेरिकेत एमएसला प्रवेश मिळाला. तो गेला, आणि अर्धी कंपनी त्याच्या बॅगेतून गेली. शेअर हळूहळू, चार वर्षांत मिळत जावेत आणि पहिलं वर्ष भरण्याआधी जो जाईल त्यानं हात हलवत जावं, अशी या धंद्यात सर्वमान्य रीत आहे. तिला व्हेस्टिंग म्हणतात, आणि त्या पहिल्या वर्षाला क्लिफ, म्हणजे कडा. भाच्याला ती रीत पाठ होती, त्यावर त्यानं एका कॉलेजात भाषणही दिलं होतं. पण मित्रासमोर कागद काढायची लाज वाटली. मी म्हटलं, "भावाभावांत वाटणीपत्र होतं, तुम्ही तर नुसते मित्र." फोन पुन्हा बाहेर आला.

त्याला ताळ्यावर आणायला माझ्याकडे तीन गोष्टी होत्या. तिन्ही खऱ्या, आणि तिन्ही माझ्यावर उलटल्या.

पहिली लिज्जत पापडाची. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी एकत्र बसून पापड लाटायला घेतले. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पैसे देणारे छगनलाल पारेख त्यांना दोन गोष्टी बजावत राहिले: हिशोब धंद्यासारखा चोख ठेवा, आणि स्वस्तातला दुय्यम माल काढू नका. भाचा टाळी देत म्हणाला, "म्हणजे सीड राउंड आणि मेंटॉर! मामा, आमचं मॉडेल तेच."

दुसरी लक्ष्मणराव किर्लोस्करांची. बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणत, लोखंडानं जमीन नासेल. दोन वर्षं नांगर खपेना. पुढे १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. भाचा गंभीर झाला. "दोन वर्षं? मग मी घाई करतोय. मला तर आठच महिने झालेत."

तिसरी इथली, पुण्याची. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. त्यातून कॉम्प्युटरची दुरुस्ती आली. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरांत व्हायरस सापडायचे, म्हणून धाकट्या भावानं, संजयनं, त्यावर औषध लिहिलं. त्यातून क्विक हील उभी राहिली. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत भाचा ओरडला, "पिव्हट!" म्हणजे त्याच्या भाषेत धंद्यानं दिशा बदलणं.

"अरे, पिव्हट असेल. पण दुरुस्तीचे पैसे रोज गल्ल्यात येत होते. गिऱ्हाईक स्वतः बिघाड घेऊन दुकानात येत होतं."

तोवर त्याचा फोन वाजला होता.

आणि मग, खोटं कशाला बोलू, गिऱ्हाईक आमच्याही दारात आलं. तळमजल्यावर नवरा-बायको दोघंही नोकरी करणारं एक जोडपं राहतं. त्यातल्या सूनबाई एकदा जिन्यात भाच्याला म्हणाल्या, "ते डब्याचं राहू दे. मेथी निवडून देणारं कोणी मिळतं का बघ. मी पैसे देईन."

भाच्यानं यापूर्वी कधीच न ऐकलेलं वाक्य होतं ते: 'मी पैसे देईन.'

पुढच्या सोमवारी तो पहाटे मार्केट यार्डातून मेथी घेऊन आला. आमच्या मागच्या गल्लीत एक मावशी राहतात, चार घरी पोळ्या करतात. त्या निवडायला बसल्या. आणि मी बसलो, कारण त्या सकाळी बोर्डाची बैठक होती. आमच्यासारख्या छोट्या कंपनीला वर्षातून दोन बैठका घ्याव्या लागतात. कोरम दोघांचा, आणि कंपनीत डायरेक्टर दोनच. म्हणजे मी अंघोळीला गेलो की कंपनीचं कामकाज तहकूब.

हॉलमध्ये जुने पेपर पसरले होते. मेथीचा ढीग मधोमध, आम्ही तिघे भोवती. भाच्याला वाटायचं, मेथी निवडणं म्हणजे पानं तोडणं. मावशींनी त्याची पहिली मूठ बाजूला सारली. "जून देठ टाका, कोवळा ठेवा. नुसत्या पानांची भाजी गिळगिळीत होते. पिवळं पान एक राहिलं तरी गिऱ्हाईक जुडीला नाव ठेवतं." भाचा म्हणाला, आपण धुऊन देऊ, पाकिटावर 'स्वच्छ धुतलेली' असं छापू. मावशी हसल्या. "धुऊन दिली की दुपारपर्यंत काळी पडंल. कोरडीच द्या. धुवायचं त्यांचं त्या बघतील." त्या दिवशीच्या इतिवृत्तात मी लिहिलं: 'धुण्याचा प्रस्ताव फेटाळला.' मावशी बोर्डावर नव्हत्या, पण त्या बैठकीत धंदा कळणारं माणूस ते एकच होतं.

पहिल्या दिवशी नऊ जुड्या गेल्या. महिन्याअखेर रोज चाळीस. जाहिरात नाही, ॲप नाही, व्हॉट्सॲपवर एक ग्रुप. बायका आदल्या रात्री लिहायच्या, 'उद्या दोन मेथी, एक सोललेला लसूण'. भाचा स्कूटरवरून घरोघर द्यायचा. कोणी म्हणे पालक आणा, कोणी म्हणे गवार मोडून द्या. त्या महिन्यात त्यानं एकही 'लर्निंग' टिपलं नाही. त्याला वेळच नव्हता.

मी मात्र सवयीनं कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला. मेथी १५ रुपये, निवडणावळ ८, पिशवी ४, पेट्रोल ५. एकूण ३२. आणि भाच्यानं किंमत ठेवली होती २५.

"अरे, प्रत्येक जुडीमागं सात रुपये तू खिशातून घालतोयस."

"मामा, ते व्हॉल्यूममध्ये निघतं."

"चाळीस जुड्यांना २८० रुपये तोटा. चार हजार जुड्या विकल्यास तर २८,०००. व्हॉल्यूममध्ये खड्डा निघतो, पैसे नाही."

"मग किंमत वाढवली तर गिऱ्हाईक जाईल."

"विचारलंस कोणाला?"

विचारलं नव्हतं. आणि इथे माझीही कबुली. मीसुद्धा 'विचार' असं ठासून म्हटलं नाही. मीच म्हणालो, "तीस कर, त्याच्या वर नको, आपल्याकडची माणसं देणार नाहीत." चौतीस वर्षं सरकारी दर करारावर काढली की माणसाला वाटतं, किंमत ही परिपत्रकानं येते.

अशात बालेवाडीला एका गुंतवणूकदाराशी भेट ठरली. कोरम म्हणून मीही गेलो. कॉफी २८० रुपये, म्हणजे बरोबर आमच्या एका दिवसाचा तोटा. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी मेथीचं सगळं ऐकून घेतलं, शेअरहोल्डरांची यादी पाहिली, डॅलसपाशी त्यांची भुवई थोडी वर गेली, आणि ते म्हणाले, "बाई किती मेथी निवडणार? हे स्केल होत नाही. यात टेक्नॉलॉजी कुठाय?"

परत येताना भाचा गप्प होता. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निरोप गेला: 'काही दिवस सेवा बंद. लवकरच नव्या रूपात.' बायकांनी रडवे चेहरे पाठवले. एकीनं विचारलं, 'पैसे वाढवायचे असतील तर वाढवा.' त्या वाक्याला उत्तर गेलं नाही.

त्याच्या खोलीत टेबलाच्या वर एक छापील कागद डकवला होता. वाय कॉम्बिनेटर ही अमेरिकेतली संस्था २००५ मध्ये काढणाऱ्यांपैकी एक पॉल ग्रॅहम, त्यांच्या २०१३ च्या निबंधाचं शीर्षक त्यावर होतं: डू थिंग्ज दॅट डोन्ट स्केल. अर्थ त्यानंच मला समजावला होता. सुरुवातीला जे मोठ्या प्रमाणावर करता येत नाही तेच हातानं करा, एकेका गिऱ्हाइकामागे स्वतः जा. एअरबीएनबीचे पोरगे न्यूयॉर्कमध्ये घरोघर फिरले होते. त्याआधी पैसे नव्हते तेव्हा, २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत, त्यांनी उमेदवारांच्या नावाचे सीरियलचे खोके ४० डॉलरला एक असे विकून कंपनी तगवली होती. हे सगळं सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि त्याच कागदाखाली बसून, 'हे स्केल होत नाही' म्हणून, त्यानं मेथी बंद केली. कागद थोडा खाली डकवला असता तर कदाचित वाचला गेला असता.

नवं रूप म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. दोन इंजिनिअर ठेवले. कॅमेऱ्यासमोर भाजी धरायची, यंत्रानं ताजी की शिळी ते सांगायचं. मी कोथिंबीर धरली, यंत्र म्हणालं मेथी. मी वाकलो, तर माझ्या हिरव्या स्वेटरला ते पालक म्हणालं, ताजा. आयुष्यात मला ताजा म्हणणारं ते शेवटचं.

मार्च २०१९ मध्ये रनवे संपला. त्याचे स्वतःचे सहा लाख, वडिलांचे तीन, माझे उसने दोन. इथे त्या मुलाचं एक सांगायलाच हवं. शेवटच्या महिन्यात त्यानं बुलेट विकली. केवढ्या हौसेनं घेतलेली. त्या पैशातून दोन्ही इंजिनिअरांचा पगार तारखेला दिला, मावशींची निवडणावळ दिली, आणि मग घरी येऊन झोपला, ते दोन दिवस. लेखा विभागात मी अशी माणसं फार पाहिली नाहीत. देणी शेवटच्या पैशापर्यंत देऊन बुडालेला मुलगा बुडाला असं मी मानत नाही.

पण कंपनी बुडाली तरी मरत नाही, हे मला तेव्हा कळलं. ती बंद करायला अर्ज असतो, एसटीके-२. त्याची फी १०,००० रुपये. आणि अर्ज करण्याआधी कंपनीनं दोन वर्षं काहीच धंदा केलेला नसावा लागतो. म्हणजे जिला काही करता येत नाही म्हणून बंद करायची, तिनं काही न करता दोन वर्षं बसायचं. पण बसल्या बसल्या ताळेबंद आणि वार्षिक विवरण दरवर्षी भरायचंच. एक वर्ष भाचा विसरला. दिवसाला शंभर रुपये दंड, प्रत्येक फॉर्ममागे. नव्वद दिवस, दोन फॉर्म, १८,००० रुपये. धंदा करून बुडालं होतंच, आता न करूनही बुडायला लागलं.

त्या दोन वर्षांत आमच्या बैठका मोठ्या निवांत झाल्या. विषय एक: मागील इतिवृत्त कायम करणे. विषय दोन: कंपनीनं या काळात काहीही केलं नाही याची समाधानपूर्वक नोंद घेणे. विषय तीन: चहा. लॉकडाउनमध्ये त्या व्हिडिओवर झाल्या. मी कोथरूडमध्ये, तो तीन इमारती सोडून.

शेवटी २०२१ मध्ये कागद तयार झाले. बंद करायला ७५ टक्के भांडवलाची संमती लागते, म्हणजे डॅलसला फोन गेला. तिकडं पहाट होती. त्या गृहस्थानं झोपेतच विचारलं, "कुठली कंपनी?" पण सही पाठवली. कंपनीवर देणं राहता कामा नये, म्हणून माझे दोन लाख मी माफ केले. धनको म्हणून मी तसं लिहून दिलं आणि डायरेक्टर म्हणून मीच ते स्वीकारलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतका चटकन मंजूर झालेला प्रस्ताव मी पाहिला नाही.

भाचा पुन्हा नोकरीला लागला. परवा रविवारी तो माझ्याबरोबर मागच्या गल्लीत आला. मावशींच्या दारात चार बायका पेपर पसरून बसल्या होत्या. आमचा जुना वजनकाटा भिंतीला लावलेला, व्हॉट्सॲपचा ग्रुपही तोच. त्यावर आता तीन सोसायट्यांची मागणी येते. मी जुडी घेतली. मावशी म्हणाल्या, "चाळीस."

भाचा दचकला. "मावशी, आपण पंचवीसला देत होतो!"

"होय. म्हणून तर बंद पडलं."

"गिऱ्हाईक गेलं नाही?"

"दोघी गेल्या. एक परत आली. मी पयल्याच दिवशी विचारलं सगळ्यांस्नी, किती देशाल म्हणून. त्याच म्हणाल्या चाळीस."

मी तिरक्या नजरेनं भाच्याकडं पाहिलं. त्याचा हात खिशाकडं गेला, फोनपाशी थांबला आणि रिकामाच बाहेर आला. तो चप्पल काढून पेपरच्या कडेला बसला आणि मेथी खुडायला लागला. जून देठ टाकत होता, कोवळा ठेवत होता. अर्धा तास काही बोलला नाही. मला वाटलं, झालं, शहाणा झाला.

रात्री साडेदहाला त्याचा फोन आला.

"मामा, कंपनी बंद झाली तरी डिन नंबर जन्मभर राहतो ना?"

"राहतो. का?"

"मावशी हो म्हणाल्यात. पण त्या म्हणतात, त्या एक आणि मी एक. तुम्ही कोरमला लागत नाही."

मी फोन ठेवला. हिनं विचारलं, "काय म्हणतो?"

"काही नाही," मी म्हटलं, "मला मोकळं केलं." आणि उगाचच देवघराच्या खणातला पेन ड्राइव्ह जागेवर आहे का ते बघून आलो.